त्वचा, जिवाणू आणि वस्त्र : सूक्ष्मजीव-कलेची समीक्षा
(सोवळे, प्लेग आणि गोधडी यांच्या संदर्भात)

सारांश :

मानवी त्वचेवरील जिवाणू आणि वस्त्र यांचा परस्परसंबंध हा गेल्या दोन दशकांत प्रयोगशाळेइतकाच कलादालनाचाही विषय झाला आहे. सोन्या बॉयमेल आणि ॲना दुमित्रिऊ या दोन युरोपीय कलावतींच्या निवडक कलाकृतींचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे. या कलाकृती 'अदृश्य स्पर्श' दृश्य करतात. महाराष्ट्रात मात्र स्पर्श आणि वस्त्र यांच्या नात्याला सोवळे-ओवळे, अस्पृश्यता आणि प्लेगची साथ यांचा इतिहास चिकटलेला आहे. या इतिहासाच्या आणि जव्हार-मोखाडा परिसरातील साखरशेतसारख्या आदिवासी गावांतील जीवनाच्या संदर्भात या कलेचे सामर्थ्य व मर्यादा तपासणे हा या लेखाचा हेतू आहे.

बीजसंज्ञा : त्वचा, जिवाणू, वस्त्र, सोवळे, गोधडी, प्लेग, वारली चित्रकला, स्पर्श.

प्रस्तावना :

कला आणि विज्ञान ही परस्परांपासून दूर असलेली क्षेत्रे आहेत, अशी एक समजूत आपल्याकडील अभ्यासक्रमांच्या रचनेमुळे दृढ झाली आहे. कला शाखेचा विद्यार्थी सूक्ष्मदर्शकाखाली पाहत नाही आणि विज्ञान शाखेचा विद्यार्थी चित्रासमोर थांबत नाही. प्रत्यक्षात वस्त्रनिर्मितीचा इतिहास पाहिला तर ही विभागणी किती अलीकडची आहे, हे लक्षात येते. नीळ पाण्यात विरघळत नाही. ती कापडात उतरवण्यासाठी पारंपरिक रंगारी नीळीचा हौद आंबवत असत. या आंबवण्याच्या क्रियेत जिवाणूच नीळीचे रासायनिक रूप पालटून तिला विद्राव्य करतात. कापड हौदातून बाहेर काढल्यावर हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन निळा रंग परत प्रकटतो. ताग किंवा अंबाडीचे दांडे पाण्यात कुजवून धागा वेगळा करणे हीही जिवाणूंचीच किमया होय. रंगारी आणि शेतकरी यांना जिवाणू हा शब्द ठाऊक नव्हता, पण त्यांच्याकडून काम कसे करून घ्यावे हे ठाऊक होते.

आज हेच काम नव्या रूपात प्रयोगशाळेत परतले आहे. झिम्बाब्वेत जन्मलेल्या आणि लंडनमध्ये काम करणाऱ्या नत्साई ऑड्री चिएझा यांनी २०११ पासून युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधील शास्त्रज्ञांच्या सहकार्याने स्ट्रेप्टोमायसिस सीलिकलर या मातीतील जिवाणूकडून रेशमी कापड रंगवून घेतले. या जिवाणूचे रंगद्रव्य आम्लात तांबडे आणि अल्कलीत निळे दिसते. महाराष्ट्रातही पुण्यातील केबीकॉल्स सायन्सेस ही कंपनी सूक्ष्मजीवांपासून कापडासाठी रंग तयार करण्याच्या क्षेत्रात काम करते. मात्र हे जिवाणू कारागीर म्हणून राबवलेले आहेत. प्रस्तुत लेखाचा विषय याहून वेगळा आहे. माणसाच्या अंगावर राहणारे आणि अंगावरून कापडावर जाणारे जिवाणू जेव्हा कलेचा विषय होतात, तेव्हा रंगापेक्षा स्पर्शाचा प्रश्न महत्त्वाचा ठरतो, आणि मराठी वाचकाच्या दृष्टीने तोच अधिक अवघड आहे.

उद्दिष्टे :

१. त्वचेवरील जिवाणू व वस्त्र यांच्या संबंधाची वैज्ञानिक बाजू थोडक्यात समजावून घेणे.
२. बॉयमेल आणि दुमित्रिऊ यांच्या कलाकृतींचे स्वरूप व आशय तपासणे.
३. महाराष्ट्रातील स्पर्शविषयक इतिहासाच्या प्रकाशात या कलेचे मूल्यमापन करणे.

त्वचा आणि वस्त्र : विज्ञान काय सांगते?

प्रौढ माणसाच्या त्वचेचे क्षेत्रफळ साधारण पावणेदोन ते दोन चौरस मीटर असते. हा पृष्ठभाग एकसारखा नाही. कपाळ व पाठ तेलकट, काख व जांघ दमट, तर हाताचा पुढचा भाग कोरडा असतो. २००९ साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात दहा निरोगी व्यक्तींच्या त्वचेवरील वीस ठिकाणांचे नमुने तपासण्यात आले. जिवाणूंची वस्ती व्यक्तीनुसार जितकी बदलते, त्याहून अधिक ती शरीरावरील जागेनुसार बदलते, असे त्यातून दिसून आले. दोन भिन्न माणसांच्या काखा परस्परांना जितक्या जवळच्या, तितकी एकाच माणसाची काख त्याच्या कोपराला जवळची नसते. जात, धर्म आणि कुळ यांच्या सीमारेषा ज्या शरीरावर आखल्या गेल्या, त्या शरीराचा हा भूगोल मननीय आहे.

वस्त्र या भूगोलावर पसरलेले असते. घाम, तेल आणि मृत पेशी यांच्यासोबत जिवाणूही कापडात उतरतात. तथापि कापड त्यांना जसेच्या तसे सामावून घेत नाही. बेल्जियममधील गेंट विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सव्वीस व्यक्तींनी व्यायाम करताना घातलेले सुती व पॉलिस्टरचे सदरे तपासले. पॉलिस्टरच्या सदऱ्यांना अधिक उग्र वास येत होता आणि त्यांवर मायक्रोकॉकस गटातील जिवाणू अधिक वाढलेले आढळले. म्हणजे घाम एकच असला तरी धाग्याच्या जातीनुसार त्यावरील जीवसृष्टी पालटते. काही जिवाणू कोरड्या कापडावर काही दिवस, अनुकूल स्थितीत काही आठवडेही तग धरू शकतात. धुणे आणि कडक उन्हात वाळवणे यांमुळे त्यांची संख्या कमी होते.

एवढ्या माहितीतून दोन गोष्टी सिद्ध होतात. पहिली, निर्जंतुक त्वचा ही अशक्य कल्पना आहे. त्वचेवरील बहुतेक जिवाणू निरुपद्रवी असून त्यांपैकी अनेक रोगकारक जिवाणूंना जागा मिळू देत नाहीत. दुसरी, कापडाला माणसाचा 'स्पर्श' लागतो ही गोष्ट भौतिक अर्थाने खरी आहे. या दुसऱ्या विधानाचा गैरवापर किती सहज होऊ शकतो, हे पुढे पाहावयाचे आहे.

सोन्या बॉयमेल : त्वचा हेच वस्त्र

व्हिएन्ना येथे १९८० मध्ये जन्मलेल्या सोन्या बॉयमेल यांची पार्श्वभूमी फॅशनची आहे. त्वचेवर जिवाणूंचा सजीव थर आधीच असताना वस्त्राची कल्पना नव्याने करता येईल का, असा प्रश्न त्यांनी २००८-०९ च्या सुमारास '(इन)व्हिजिबल मेम्ब्रेन' या प्रकल्पात उपस्थित केला. त्यातील 'क्रोशेड मेम्ब्रेन' हे क्रोशाचे विणकाम नेहमीच्या कपड्यासारखे अंग झाकत नाही. शरीराला जेथे उबेची गरज आहे तेथे ते दाट होते, जेथे गरज नाही तेथे विरळ होते किंवा नाहीसेच होते. लज्जा, ऋतू किंवा प्रतिष्ठा यांपैकी कोणत्याच कारणाने न घडलेले हे वस्त्र आहे. त्याचा आकार देहाच्या गरजेने ठरवला आहे.

पुढील टप्प्यात व्हिएन्नातील जिवाणूतज्ज्ञ एरिख शॉप्फ यांच्या सहकार्याने त्यांनी स्वतःच्या शरीरावरील जिवाणू प्रयोगशाळेत वाढवले. 'टेक्स्चर्ड सेल्फ' (२०११) या कलाकृतीत या वसाहतींचे रंग आणि पोत धाग्यात उतरवले आहेत. 'एक्सपांडेड सेल्फ' (२०१२) मध्ये मानवी देहाएवढी पेट्री डिश वापरून त्यातील अगारवर कलावतीच्या देहाचा ठसा घेतला गेला. दिवसागणिक त्या ठशातून वसाहती वाढत गेल्या आणि देहाची बाह्यरेषा हळूहळू पुसट होत गेली.

या कलाकृतींचे बलस्थान त्यांच्या साधेपणात आहे. 'मी' म्हणजे त्वचेच्या आतील एकसंध वस्तू, ही समजूत त्या कोणताही उपदेश न करता ढळवतात. ठसा ज्या देहाचा आहे तो निघून गेल्यावरही ठसा जगत राहतो. व्यक्तिचित्र या कलाप्रकाराची ही उलटी बाजू होय. चित्रकार माणसाला स्थिर करतो, येथे स्थिर आकारच विस्कटत जातो.

पण या सर्व निर्मितीत देह हा केवळ 'मानवी देह' असतो. तो कोणाचा, कोणत्या वर्गाचा, कोणते काम करणारा, याला कलाकृतीत स्थान नाही. विज्ञानाने त्वचेचा जो सर्वसाधारण नकाशा दिला, तोच कलेने स्वीकारला आहे. वास्तविक भातलावणीत दिवसभर चिखलात उभ्या असणाऱ्या स्त्रीची त्वचा आणि वातानुकूलित कार्यालयात बसणाऱ्या व्यक्तीची त्वचा यांचे अनुभव सारखे नाहीत. बॉयमेल यांच्या नकाशात प्रदेश आहेत, पण त्या प्रदेशांना इतिहास नाही.

ॲना दुमित्रिऊ : रोगाची रजई

ब्रिटिश कलावती ॲना दुमित्रिऊ यांनी हा इतिहास आपल्या कलेच्या केंद्रस्थानी आणला आहे. त्यांच्या 'नॉर्मल फ्लोरा' या प्रकल्पात स्वतःच्या बिछान्यातून मिळालेल्या जिवाणूंच्या आकृत्यांवरून सामूहिक क्रोशाकाम करण्यात आले. घरगुती, 'बायकी' म्हणून दुय्यम मानल्या गेलेल्या हस्तकौशल्याला त्यांनी प्रयोगशाळेच्या शेजारी बसवले, ही गोष्ट लक्षणीय आहे. क्रोशाचा टाका आणि जिवाणूची वसाहत दोन्ही एकाच घटकाच्या पुनरावृत्तीने वाढतात, हे साम्य त्यामुळे डोळ्यांना जाणवते.

'एमआरएसए क्विल्ट' ही त्यांची महत्त्वाची कलाकृती होय. मेथिसिलिन गटातील प्रतिजैविकांना दाद न देणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू रुग्णालयांतील संसर्गाचे एक मोठे कारण आहे. याच जातीचा साधा जिवाणू सुमारे एकतृतीयांश निरोगी माणसांच्या नाकात कोणताही त्रास न देता राहत असतो. दुमित्रिऊ यांनी सुती कापडाचे चौकोन रंगबदल दाखवणाऱ्या अगारमध्ये ठेवून त्यांवर हा जिवाणू वाढवला. जेथे तो वाढला तेथे कापड रंगले, जेथे प्रतिजैविकाने त्याला रोखले तेथे ते कोरे राहिले. अशा रीतीने औषध आणि जिवाणू यांच्या झगड्यातून नक्षी तयार झाली. नंतर हे चौकोन निर्जंतुक करून त्यांची रजई शिवण्यात आली. रजई ही आजाऱ्याला ऊब देणारी वस्तू, आणि तिच्यावरील नक्षी मात्र आजाराची. या विरोधातून कलाकृतीचा आशय सिद्ध होतो.

'प्लेग ड्रेस' (२०१८) ही कलाकृती अधिक गुंतागुंतीची आहे. १६६५ च्या काळातील पद्धतीचा हा झगा अक्रोडाच्या सालींनी रंगवला असून त्यात सुगंधी लॅव्हेंडर भरले आहे. त्यावर लावलेल्या सतराव्या शतकातील खऱ्या भरतकामाच्या तुकड्यांत प्लेगच्या मारलेल्या जिवाणूंपासून वेगळे काढलेले डीएनए मुरवले आहे. इंग्लंडमधील ईम या गावात १६६५ मध्ये लंडनहून शिंप्याकडे आलेल्या कापडाच्या गठ्ठ्यातून प्लेग आला, अशी परंपरेने चालत आलेली हकीकत या झग्यामागे आहे. प्रेक्षकाला डीएनए दिसत नाही. त्याला दिसतो तो एक जुन्या घडणीचा, मंद वासाचा झगा. शेजारच्या फलकावरील माहिती वाचल्यानंतर मात्र तो नकळत एक पाऊल मागे सरकतो. झगा तोच, डोळे तेच, पण आता त्याला 'काहीतरी लागलेले' आहे.

कलाकृतीचा परिणाम फलकावर अवलंबून असणे हा तिचा दोष आहे, असा आक्षेप घेता येईल. तथापि तोच तिचा सर्वांत अर्थपूर्ण भाग आहे. वस्त्रात जे दिसत नाही, पण ज्याच्याविषयी सांगितले गेले आहे, त्यामुळे माणूस वस्त्रापासून दूर होतो. युरोपीय प्रेक्षकाला कलादालनात काही क्षण येणारा हा अनुभव महाराष्ट्राला शतकानुशतके परिचित आहे. त्याचे मराठी नाव 'विटाळ' असे आहे.

सोवळे : अदृश्य स्पर्शाचे शास्त्र

सोवळ्याच्या आचारात वस्त्राला केंद्रस्थान आहे. धूतवस्त्र कोणाचाही स्पर्श न होता वाळवावे लागे आणि नेसावे लागे. एकदा परक्याचा स्पर्श झाला की ते ओवळे होई. रेशमी मुकटा, पीतांबर किंवा लोकरीची धाबळी यांना मात्र हा नियम तितक्या कडकपणे लागू नसे. सूत स्पर्शाने बाटते, रेशीम व लोकर सहजी बाटत नाहीत, अशी ही धाग्यांची उतरंड होती.

अलीकडे अशा आचारांना जंतुशास्त्राचा आधार देण्याचा मोह काही लेखनात दिसतो. धाग्यानुसार जिवाणूंची वस्ती बदलते हे वर पाहिलेच. तेव्हा पूर्वजांना हे आधीच ठाऊक होते, असे म्हणणे सोपे आहे. परंतु हा युक्तिवाद टिकत नाही. रोज न धुता अनेकदा नेसलेल्या रेशमी वस्त्रावर नेसणाऱ्याच्या त्वचेवरील जिवाणू साठत जाणार. उलट, मजुरी करणाऱ्या स्त्रीने नदीवर आपटून धुतलेले आणि उन्हात वाळवलेले सुती लुगडे त्या मानाने स्वच्छ असणार. सोवळ्याच्या दृष्टीने पहिले पवित्र आणि दुसरे अपवित्र ठरे. याचा अर्थ सोवळ्याचा निकष मळ हा नव्हताच. स्पर्श कोणाचा, हा निकष होता. जिवाणूला स्पर्श करणाऱ्याचे कूळ कळत नाही, सोवळ्याला फक्त तेवढेच कळते.

शेण या एका पदार्थाचा प्रवास पाहिला म्हणजे हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. सावित्रीबाई फुले शाळेत शिकवायला जात तेव्हा त्यांच्या अंगावर चिखल आणि शेण फेकले जाई, म्हणून त्या सोबत एक जास्तीचे लुगडे नेत, असे त्यांच्या चरित्रपर लेखनात सांगितले जाते. येथे शेण अपमानाचे साधन आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केल्यानंतर सनातन्यांनी गोमूत्र-शेण-दूध-दही ओतून तळे 'शुद्ध' केले. येथे तेच शेण शुद्धीचे साधन आहे. ज्या पाण्याला माणसाच्या ओंजळीने बाट लागतो, त्याला शेणाने शुद्धी मिळते, हा निष्कर्ष कोणत्याही प्रयोगशाळेत निघू शकत नाही. पदार्थाचा अर्थ पदार्थात नसून त्याला हाताळणाऱ्या समाजरचनेत असतो. सूक्ष्मजीव-कलेने हे भान ठेवले नाही, तर तिच्यातील 'सजीव द्रव्य' केवळ नवलाईचे साधन ठरते.

प्लेग : वस्त्रांची होळी

महाराष्ट्रात त्वचा, वस्त्र आणि प्रयोगशाळा यांची गाठ पडली ती १८९६ च्या प्लेगमध्ये. त्या वर्षी सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी या रोगाचे निदान केले. वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमधील लहानशा जागेत लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. परळ येथील त्यांच्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये हाफकिन यांचे नाव देण्यात आले.

पण सामान्य माणसाला प्रयोगशाळा भेटली ती या रूपात नव्हे. १८९७ च्या साथरोग कायद्याने मिळालेल्या अधिकारांखाली घरे तपासली गेली, माणसे विलगीकरणात नेली गेली, अंथरुणे-पांघरुणे आणि कपडे जाळले अथवा निर्जंतुक केले गेले. घरातील गोधडी अंगणात जळताना पाहणाऱ्या कुटुंबाला जंतू दिसत नव्हता. जळताना दिसत होती ती आजीच्या लुगड्यांची घडी. पुण्यात या कारवाईविषयीचा रोष २२ जून १८९७ रोजी रँडवर झालेल्या गोळीबारात प्रकट झाला. पुढे १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत उंदरावरील पिसू हा रोगाचा वाहक असल्याचे दाखवले. कापडाचा दोष इतकाच, की त्याच्या घडीत पिसू लपू शकत होती.

याच साथीत दुसरा एक स्पर्श घडला. पुण्याजवळ मुंढव्याच्या महारवाड्यातील प्लेगग्रस्त मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन उपचारासाठी नेले. त्यातून संसर्ग होऊन १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. पाठीवरचे मूल आणि पाठीवरचे लुगडे यांच्यामध्ये जिवाणूला अडवणारे काही नव्हते. जंतुशास्त्राच्या भाषेत ही धोकादायक निकटता होती. सामाजिक इतिहासाच्या भाषेत ती अस्पृश्यतेला दिलेली सर्वांत मूलगामी नकारघंटा होती. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत. दुमित्रिऊ यांच्या 'प्लेग ड्रेस'समोर मराठी प्रेक्षक उभा राहिला, तर त्याला ईमच्या शिंप्याबरोबर हे लुगडेही आठवले पाहिजे. स्पर्श टाळण्याला आणि स्पर्श स्वीकारण्याला किती भिन्न मूल्ये असू शकतात, हे त्या झग्यात नाही. तो फक्त भयाची बाजू सांगतो.

साखरशेतची भिंत आणि गोधडी

जव्हार-मोखाडा हा सह्याद्रीच्या उतारावरील प्रदेश २०१४ पासून पालघर जिल्ह्यात मोडतो. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी या जमातींची येथे वस्ती आहे. साखरशेतसारख्या गावातील पारंपरिक घराची भिंत कारवीच्या कुडाची, माती-शेणाने लिंपलेली आणि गेरूने सारवलेली असते. लग्नप्रसंगी सवाशिणी या भिंतीवर तांदळाच्या पिठाने पालघट देवीचा चौक लिहितात. हे चित्र टिकवण्यासाठी काढलेले नसते. ओल, धूर, कीड आणि पाऊस त्याला हळूहळू परत घेतात. पुढच्या लग्नात ते पुन्हा लिहिले जाते.

१९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांतून ही कला कागद-कापडावर आली. जिव्या सोमा म्हसे (१९३४-२०१८) यांनी तिला जगभर नेले. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन लाभले. म्हसे यांनी कापडावर चित्र काढताना अनेकदा त्यावर शेणाचा थर दिला, ही बाब प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. भिंत कापडावर नेताना त्यांनी भिंतीचे सजीव द्रव्यही सोबत नेले. युरोपात जिवाणू आणि कापड यांच्या मीलनाला 'नवी कला' म्हटले जाण्याच्या कितीतरी आधी हे घडले. मात्र म्हसे यांच्या कापडाला कोणी सूक्ष्मजीव-कला म्हणत नाही, त्याला 'आदिवासी कला' म्हणतात. एकाच प्रकारच्या द्रव्याला प्रयोगशाळेतून आल्यास 'विज्ञान' आणि पाड्यावरून आल्यास 'परंपरा' असे नाव मिळते. हा भेद कलाकृतीच्या गुणाचा नसून नाव ठेवणाऱ्याच्या अधिकाराचा आहे.

अर्थात म्हसे आणि दुमित्रिऊ यांना सरसकट एका माळेत ओवणेही योग्य नव्हे. म्हसे यांच्या कापडावरील शेण हे चित्राचे अधिष्ठान आहे, विषय नव्हे. दुमित्रिऊ यांच्याकडे जिवाणूच विषय आहे. साम्य दाखवण्याच्या उत्साहात हा भेद पुसला, तर परंपरेचा गौरव न होता तिचे केवळ भांडवल होते.

'एमआरएसए क्विल्ट'ला खरे उत्तर भिंतीत नसून गोधडीत आहे. ग्रामीण महाराष्ट्रातील इतर घरांप्रमाणे येथील घरांतही जुन्या लुगड्या-धोतरांचे थर धावदोऱ्याने शिवून गोधडी होते. नव्या कापडाची गोधडी मऊ होत नाही, तिला अंगावर झिजलेले कापडच लागते. तान्ह्या बाळाचे पहिले दुपटेही बहुधा अशाच वापरलेल्या सुती कापडाचे असते. या कापडातून आजीचे जिवाणू नातवाकडे जातात, असे म्हणण्याचा मोह येथेही टाळला पाहिजे. धुऊन वाळवलेल्या कापडाबाबत ते तसे सिद्ध झालेले नाही. एवढे मात्र निश्चित, की दुसऱ्याच्या अंगावर झिजलेल्या कापडाला विटाळ न मानता ऊब मानणारी एक दृष्टी याच समाजात, सोवळ्याच्या शेजारी, बायकांच्या हातांनी टिकवून धरली. सोवळे स्पर्शाला दोष मानते, गोधडी स्पर्शाचाच थर देते.

या गोधडीची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्यातील अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर रोजगारासाठी स्थलांतर करतात. बोचक्यात भांड्यांसोबत गोधडीही जाते. उन्हाळ्यात, मुसळधार पावसाच्या याच प्रदेशातील अनेक पाड्यांवर पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागते. जेथे हंडाभर पाणी मिळवण्यात दिवस जातो, तेथे गोधडी धुणे ही चैन ठरते. मग मुलांच्या अंगावर खरूज किंवा गळवे दिसली, की 'हे लोक अस्वच्छ असतात' असा शेरा मिळतो. खरूज किडीमुळे होते आणि गळवे बहुतांशी जिवाणूंमुळे. पण दोहोंच्या मुळाशी दाटीने झोपणे, सामायिक अंथरूण आणि पाण्याचा अभाव असतो. शेरा मात्र संस्कृतीवर मारला जातो. सोवळ्याची जुनी नजर येथे 'स्वच्छता' हा नवा शब्द वापरते.

समीक्षेच्या दृष्टीने कळीचा प्रश्न येथे उपस्थित होतो. आपल्या अंगावरील जिवाणू अभिमानाने प्रदर्शित करण्याची मुभा कोणाला असते? ज्याच्या घरी नळाला पाणी आहे, ज्याला औषध उपलब्ध आहे आणि ज्याच्या स्वच्छतेविषयी कोणी शंका घेत नाही, त्याच्या जिवाणूंना कलादालनात स्थान मिळते. साखरशेतच्या स्त्रीने आपली गोधडी पेट्री डिशमध्ये मांडली, तर ती कलाकृती ठरेल की तिच्याविरुद्धचा पुरावा? बॉयमेल आणि दुमित्रिऊ यांच्या कलेत हा प्रश्न उद्भवत नाही, कारण त्यांच्या देहाचे माणूसपण आधीच मान्य झालेले आहे.

मूल्यमापन

या दोन कलावतींची तुलना करता दुमित्रिऊ यांचे काम अधिक समृद्ध वाटते. बॉयमेल यांनी त्वचेची सीमा प्रश्नांकित केली, दुमित्रिऊ यांनी त्या सीमेवर घडलेला इतिहास पाहिला. रजई, झगा, भरतकाम यांतून त्यांनी स्त्रियांचे श्रम आणि रोगाची स्मृती एकत्र आणली. प्रदर्शनापूर्वी कापड निर्जंतुक करणे सुरक्षिततेसाठी अटळ आहे. तरीही त्यामुळे प्रेक्षकासमोर जिवाणू न येता जिवाणूचा डाग येतो, ही मर्यादा नोंदवली पाहिजे. डागाला धोका नसतो, म्हणून प्रेक्षकाची भीतीही सुरक्षित राहते. कलादालनातून बाहेर पडताना ती तेथेच सोडता येते. विटाळ मानला गेलेल्या माणसाला ती सोय नव्हती.

तरीही ही कला मराठी अभ्यासकाला उपयोगी आहे. सोवळ्याची यंत्रणा आतून कशी चालते, हे तिने नकळत दाखवून दिले आहे. अदृश्य गुण, त्याची शाब्दिक हमी आणि त्यावरून देहाची मागे सरण्याची क्रिया हे तिन्ही घटक 'प्लेग ड्रेस'मध्ये स्वच्छ सुटे पाहता येतात. फरक एवढाच, की डीएनए तपासून पाहता येते, विटाळ तपासून पाहता येत नाही. विज्ञानाची हमी खोडून काढण्यास खुली असते. हाच फरक जंतुशास्त्राला सोवळ्यापासून वेगळे करतो आणि तो टिकवणे हे कलावंत व शास्त्रज्ञ दोघांचेही कर्तव्य ठरते.

निष्कर्ष :

१. त्वचेवरील जिवाणू आणि वस्त्र यांचा संबंध भौतिकदृष्ट्या खरा आहे. परंतु त्या आधारे सोवळ्यासारख्या आचारांना वैज्ञानिक ठरवता येत नाही, कारण त्यांचा निकष मळ नसून स्पर्श करणाऱ्याचा जन्म हा होता.
२. बॉयमेल यांची कला देहाची सीमा प्रभावीपणे ढळवते, पण तिच्यातील देह इतिहासविरहित आहे. दुमित्रिऊ यांची कला इतिहासाला भिडते, मात्र स्पर्शाच्या भयापलीकडील मूल्यांपर्यंत पोहोचत नाही.
३. सावित्रीबाईंचे लुगडे, प्लेगमध्ये जळालेली अंथरुणे आणि गोधडी ही महाराष्ट्रातील सूक्ष्मजीव-कलेची न वापरली गेलेली सामग्री आहे.
४. जव्हार-मोखाड्यासारख्या प्रदेशात अशी कला घडवायची झाल्यास ती पाड्यावरील लोकांच्या अंगावरील जिवाणूंचे प्रदर्शन होऊ नये. नमुने कोणाचे, निर्णय कोणाचा आणि त्या कापडाला नाव कोण देणार, हे आधी ठरले पाहिजे.

महाविद्यालयातील सूक्ष्मजीवशास्त्राची प्रयोगशाळा आणि मराठीचा वर्ग एकाच इमारतीत असतात. एखादी गोधडी शिवणारी स्त्री, तिच्या गावातील विद्यार्थी आणि हे दोन विभाग एकत्र आले, तर प्रयोगासाठी फार मोठ्या खर्चाची गरज नाही. पेट्री डिश, अगार आणि जुन्या लुगड्याचा तुकडा एवढे पुरेसे आहे. मात्र त्यासोबत गावाला बारमाही पाणी का मिळत नाही, हा प्रश्नही त्याच नोंदवहीत लिहावा लागेल. तो वगळून तयार झालेली नक्षी कितीही सुंदर असली तरी अपुरी राहील.